धाकट्या जावेचं सपाट भिंग

चारचौघांत जावेबद्दल गोड बोलायचं आणि घरी येऊन भांडी आपटायची, असली कसरत मला जमत नाही. मी सरळ सांगते. माझी धाकटी जाऊ मला कधी आवडली नाही. आवडण्यासारखं तिच्यात काही नव्हतं म्हणून नव्हे. होतं, भरपूर होतं, आणि तीच तर माझी पोटदुखी.

तिला आम्ही सगळे मुंगी म्हणतो. हे नाव मीच ठेवलं, लग्न होऊन आली त्याच आठवड्यात. अंगानं एवढीशी, चालताना पायाचा आवाज नाही, आणि सतत काहीतरी इकडून तिकडे नेत असायची. मी ठेवलं ते टोमणा म्हणून. घरच्यांनी ते लाडानं उचललं. धाकटे भाऊजी मुंगी म्हणायला लागले, सासूबाई म्हणायला लागल्या, आणि महिन्याभरात ती स्वतःच फोनवर "मुंगी बोलतेय" म्हणून सांगायला लागली. मारलेला टोमणाही हिला दागिन्यासारखा शोभतो म्हटल्यावर माणसानं करावं तरी काय?

मी भिंगं घासते. दुर्बिणींची, कॅमेऱ्यांची, डॉक्टरांच्या उपकरणांची. एकतीस वर्षं झाली. कारखान्याच्या पॉलिश विभागात आम्ही अकरा जण आणि मी त्यांची प्रमुख. सगळे मला मोठ्या बाई म्हणतात. डांबरासारखं काळं पिच तापवायचं, त्याचा साचा घ्यायचा, तांबूस पावडर पाण्यात कालवायची आणि काच त्यावर फिरवत राहायची. किती वेळ? कळेपर्यंत. मशीन आहेत, नाही असं नाही, पण शेवटचा हात माणसाचाच. पिच पुरेसं मऊ झालं की नाही, ते मी अंगठ्याचं नख रोवून सांगते. शेवटी काचेवर हाः करून वाफ सोडायची, मऊ कापडानं एकदाच पुसायचं आणि उजेडात धरायचं. ते कापड कायम माझ्या खिशात. घरी पाहुणा आला आणि त्याच्या चष्म्यावर बोटांचे ठसे दिसले, की मी त्याच्या नाकावरून चष्मा काढते, पुसते आणि परत नाकावर ठेवते. एकदा दवाखान्यात डॉक्टरांचाच काढला होता. आमचे हे तेव्हापासून माझ्याबरोबर दवाखान्यात येत नाहीत.

सासूबाईंच्या चष्म्याच्या काचा मी माझ्या हातानं घासल्या. रविवारचा दिवस घालवून घासल्या. आणि त्या काचांतून सासूबाई कौतुकानं बघायच्या कुणाकडे? मुंगीकडे. "बाई, किती हळू हात आहे हिचा," म्हणायच्या. माझ्या हाताबद्दल वीस वर्षांत एक शब्द नाही. आमची दोन घरं एकाच मजल्यावर, समोरासमोर दारं. सासूबाई राहायच्या माझ्याकडे, जेवायच्या माझ्या हातचं, आणि दुपारचा चहा घ्यायला जायच्या समोर. तिचा चहा म्हणे ढवळताना वाजत नाही. आता चहा न वाजण्यात काय चव असते ते देव जाणे!

आणि खरी गंमत तर पुढेच आहे. तिला कारखान्यात मीच चिकटवली. नवीन इमारतीत सफाईला बाई हवी होती. मी साहेबांना म्हटलं, आमच्या घरातली आहे, कामसू आहे. हेतू चांगला होता असं समजू नका. मला वाटलं, घरी सासूबाईंच्या पुढ्यात गोड गोड बसण्यापेक्षा फरशी पुसू दे, आणि कारखान्यात आपल्या जावेला मोठ्या बाई म्हणतात हेही तिच्या कानावर पडू दे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्या इमारतीत एक खोली होती, तिला सगळे स्वच्छ खोली म्हणायचे. तिथे धुळीचा एक कणही चालत नाही. आत जाताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, तोंडावर फडकं, नुसते डोळे उघडे. भिंतीवर धूळ मोजणारं यंत्र. आधीच्या चार सफाईवाल्या दोन महिन्यांत काढल्या, कारण त्या आत गेल्या की यंत्र बोंब मारायचं. माणूस भराभर चालला तरी धूळ उडते, चेहऱ्याला पावडर लावली असेल तर ती उडते. मुंगी आत गेली आणि यंत्राला कळलंच नाही की कोणी आत आलंय. साहेब यंत्र बिघडलं म्हणून तपासायला आले, तर ही एका कोपऱ्यात शांतपणे फरशी पुसतेय.

मग काय विचारता! आधी फरशी, मग काचेच्या तबकड्या इकडून तिकडे नेणं, मग तबकडीवर थर चढवणं. संध्याकाळच्या वर्गाला जाऊन दोन परीक्षा दिल्या. सहा वर्षांत ती त्या खोलीतल्या सगळ्यात महागड्या मशीनवर बसली. कानामागून आली आणि तिखट झाली. मी बोट दिलं आणि तिनं मनगट धरलं, असं म्हणायची माझी फार इच्छा आहे. पण तिनं काही धरलं नाही हो. लोकच तिच्या हातात देत गेले. त्याचा राग तर आणखी जास्त येतो.

तर ती त्या मशीनवर काय करते? भिंगं करते. माझीच वस्तू! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पोळपाटासारखी थंड पडले. एका रविवारी ती सासूबाईंना घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली होती. मी भाजी चिरत होते.

"सपाट भिंग?" मी म्हटलं. "ज्याला पोटच नाही ते भिंग कसलं गं? ती तर खिडकीची काच."

"ताई, तुमच्या भिंगात मधे काच जाड असते," ती म्हणाली. "म्हणून उजेड मधे जरा रेंगाळतो आणि कडेला लवकर सुटतो. त्यानंच तो वळतो ना?"

"मला शिकवतेस?"

"नाही हो. मी तुमच्याकडूनच ऐकलंय हे. आम्ही काय करतो, काच सपाटच ठेवतो आणि तिच्यावर खांब उभे करतो. जाड खांबातून उजेड उशिरा निघतो, बारीक खांबातून लवकर. कुठे कुठला खांब ठेवायचा एवढं ठरवलं, की उजेड आपोआप हवा तिथे जातो."

"किती उंच असतात हे तुझे खांब?"

"डोक्यावरचा एक केस घ्या. त्याच्या जाडीचे शंभर भाग करा. त्यातला एक भाग."

"आणि असे किती?"

"एका भिंगावर कोटभर असतील."

"कोणी मोजले?"

ती हसली. सासूबाई म्हणाल्या, "बाई, केवढं ते बारीक काम!" माझ्या हातातली सुरी भाजीऐवजी खालच्या लाकडी फळीत घुसली. मी तेव्हा एकच बाण मारला. मी ऐकलं होतं की तिचं भिंग फक्त हिरव्या उजेडात नीट दिसतं, बाकी रंगांत चित्र फाटतं. म्हटलं, "माझं भिंग सगळ्या रंगांत बघतं हो. तुझं एकाच रंगात." तर म्हणते कशी, "मग दिवा हिरवाच लावायचा, ताई." इतक्या साधेपणानं म्हणाली की मला भांडताही येईना.

त्यानंतर आमच्या कारखान्याकडे एक काम आलं. नुकत्याच जन्मलेल्या बाळांच्या डॉक्टरीणबाई होत्या, मोठ्या दवाखान्यातल्या. त्यांना बाळाच्या श्वासनळीत घालायची कॅमेऱ्याची नळी हवी होती. वेळेआधी जन्मलेली बाळं, त्यांची श्वासनळी ती केवढी! नळीच्या टोकाला भिंग लागणार होतं दीड मिलिमीटरचं. मी त्यासाठी तीन बारीक भिंगं घासली, एकामागे एक बसवायची. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुरेख काम. पण तीन भिंगांमुळे टोक लांब आणि ताठ झालं होतं. मुंगीचं एकच भिंग, सपाट, पापडाहून पातळ. दोन्ही नळ्या गुरुवारी डॉक्टरीणबाईंसमोर तपासायच्या असं ठरलं.

साहेबांनी आम्हा दोघींना समोर बसवून स्पष्ट सांगितलं. काम एकीलाच मिळणार. माझं भिंग लागलं तर पॉलिश विभागातलं बारीक भिंगांचं टेबल राहणार. मुंगीचं लागलं तर ते टेबल बंद, त्यावरच्या लोकांना दुसरीकडे हलवणार आणि मी मोठ्या काचांकडे. मोठ्या काचा म्हणजे आमच्याकडे नवशिके घासतात. एकतीस वर्षांनी मी परत पहिलीत.

मुंगीची तबकडी बुधवारी तयार झाली. तबकडीवर नऊ भिंगं केली होती. आठांमध्ये काही ना काही खोट निघाली. उरलं एक. मशीनचा पुढचा नंबर पाच आठवड्यांनी, कारण ते मशीन चार विभाग वाटून वापरतात. म्हणजे जे काही होतं ते त्या एका भिंगावर होतं. दुपारी ती माझ्या टेबलापाशी आली.

"ताई, उद्या द्यायच्या आधी तुम्ही एकदा बघा ना."

"माझी दृष्ट लागली तर?"

"लागू दे," म्हणाली. "तुमच्या नजरेखालून गेलं की मला धीर येईल."

स्वच्छ खोलीच्या बाहेर तपासणीची एक छोटी खोली आहे. तिथे तिनं आधी पडद्यावर फोटो दाखवला, मोठ्या यंत्रानं काढलेला. मी बघतच राहिले. रांगाच्या रांगा. जाड खांबांचं वर्तुळ, मग जरा बारीक, मग आणखी बारीक, पुन्हा जाड. एक खांब वाकडा नाही, एकाची कड झिजलेली नाही. खोटं कशाला बोलू, सुंदर होतं. आणि ते किती सुंदर आहे हे त्या अख्ख्या कारखान्यात मला जितकं कळलं तितकं बहुतेक कोणालाच कळलं नसेल. माझा नुसता जळफळाट झाला. मी एकतीस वर्षं वाफ सोडून आणि अंगठा झिजवून जिथवर आले, त्याच्या पुढे ही पोरगी फरशी पुसता पुसता पोचली होती. आणि वर मलाच दाखवायला बोलावते! मला वाटलं, हिनं एकदा तरी मिरवावं. एकदा नाक वर करावं, म्हणजे मला तिचा मनसोक्त राग तरी करता येईल.

मग तिनं पेटी उघडली. आत खरं भिंग. बारीकसा जांभळट गोल, हलवला की हिरवा व्हायचा. मी माझं डोळ्याला लावायचं भिंग काढून बघितलं.

"कडेला तूस आहे गं," मी म्हटलं.

तिनंही बघितलं. "हो. माझ्या हातमोज्याचं असेल. सुक्या हवेची बाटली आणते, तिनं उडेल." आणि दारातून वळून म्हणाली, "ताई, हात नका लावू हं. फुंकरही नको. दमट हवेनंसुद्धा खांब एकमेकांना चिकटतात. मी आलेच."

ती गेली. खोलीत मी आणि ते भिंग. पलीकडच्या खोलीतला पंखा घरघरत होता. मी खाली वाकले, तूस दिसलं, आणि माझा हात खिशात गेला. हाः केलं. कापडानं एकदाच पुसलं, डावीकडून उजवीकडे, अंगठ्याखाली. एकतीस वर्षांत जसं लाखो वेळा केलं तसंच. तूस निघालं. जांभळ्या गोलावरून एक आडवी मळकट रेघ गेली होती आणि ती मी कितीही हलवली तरी हिरवी होईना.

मुंगी बाटली घेऊन आली. तिनं भिंगाकडे बघितलं. मग माझ्या हातातल्या कापडाकडे. बाटली टेबलावर ठेवली, आवाज न करता.

"गेलं," ती म्हणाली.

"अगं तूस होतं," मी म्हटलं. "सवय गं ही. हात आपोआप उठतो, तुला माहीत आहे ना? पाहुण्यांचे चष्मे..."

"हो," ती म्हणाली. नुसतं हो. एक शिवी नाही, एक आरडाओरडा नाही. तिनं पेटीचं झाकण लावलं.

साहेब आले तेव्हा त्यांचा आवाज जिन्यापर्यंत गेला असेल. चौदा महिन्यांचं काम! कोणी पुसलं हे? मुंगी म्हणाली, "पेटी उघडी ठेवून मी बाहेर गेले, साहेब. चूक माझी आहे." ते म्हणाले, मी ते विचारत नाही. ती म्हणाली, "चूक माझीच आहे." मी शेजारी उभी. कापड केव्हाच खिशात गेलं होतं आणि माझ्या तोंडाला कुलूप. साहेबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मोठ्या बाईंकडे कोण बघणार? मुंगीला त्यांनी मशीनवरून उतरवलं. शुक्रवार संध्याकाळपर्यंत नुकसानीचा फॉर्म भरून द्यायचा, निकाल लागेपर्यंत फरशी. मशीनवर तिच्यासाठी धरून ठेवलेला पाच आठवड्यांनंतरचा नंबरही दुसऱ्या विभागाला देऊन टाकणार म्हणाले.

गुरुवारी तपासणी झाली. टेबलावर नळी एकच होती, माझी. डॉक्टरीणबाईंनी रबराचा गळा आणला होता, नवजात बाळाच्या मापाचा. नळी आत गेली आणि पडद्यावर चित्र आलं. काय चित्र होतं! रबरावरची रेघन् रेघ मोजून घ्यावी. आमच्या विभागातल्यांनी टाळ्या वाजवल्या. मग गळ्यातलं वळण आलं आणि टोक अडलं. डॉक्टरीणबाईंनी नळी मागे घेतली, फिरवली, परत घातली. परत अडलं. तिसऱ्यांदा त्यांनी जोर लावला तेव्हा रबर ताणलं गेलं, आणि त्यांनी पटकन हात काढून घेतला, जणू खरंच आत बाळ होतं.

"चित्र फार छान आहे," त्या म्हणाल्या. "पण वळत नाही. दीड किलोच्या आतल्या बाळांना नाही घालता येणार."

साहेब म्हणाले, "सध्या आमच्याकडे हेच आहे."

"मग हेच घेऊ. मोठ्या बाळांना तरी होईल. काहीच नसण्यापेक्षा बरं."

काम मला मिळालं. टेबल वाचलं. लोकांनी मला खुर्चीत बसवून चहा दिला, आणि सगळे आनंदात. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात सुरेख कामाला त्या बाई काहीच नसण्यापेक्षा बरं म्हणाल्या होत्या, ते मी सोडून कोणाच्या कानात राहिलं नव्हतं. घरी गेले तर सासूबाई दारात उभ्या. वीस वर्षांत पहिल्यांदा माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "शेवटी जुनं ते सोनं गं." ज्या शब्दांसाठी मी इतकी वर्षं जळले ते शब्द मिळाले, आणि मला वाटलं हात सोडवून घ्यावा. समोरचं दार बंद होतं. आत भाऊजींचा चढलेला आवाज येत होता, आणि मधूनच तिचा. तिचा आवाज भिंतीतून ऐकू आला असं पहिल्यांदाच झालं. काय बोलतेय ते कळत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी मी नवीन इमारतीत गेले. का गेले ते मलाही नीट सांगता येणार नाही. बहुतेक तिला रडताना बघायला गेले असेन. ती मोठी झाल्यासारखी गप्प राहते, सगळं स्वतःवर घेते, आणि मी बाजूला बारीक होत जाते, हे मला सहन होत नव्हतं. भिंगात जिंकली तर जिंकली, आता चांगुलपणातही हीच पुढे? कपडे बदलायच्या खोलीबाहेर ती बाकावर बसली होती. शेजारी बादली, मांडीवर फॉर्म.

"भरला?" मी विचारलं.

"भरलाय. सही राहिलीय." तिनं माझ्याकडे बघितलं. डोळे सुजलेले होते, झोप झाली नसावी. "बरं झालं आलात, ताई. एकच विचारायचं होतं. हात लावू नका म्हणून मी सांगून गेले होते. तुम्ही पुसलंत तेव्हा ते आठवत होतं का?"

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. सवय. ह्यांना तेच सांगितलं होतं, सासूबाईंना तेच, स्वतःलाही तेच. आणि हात उठला तो सवयीनंच, हे अगदी शपथेवर सांगते. वाफ सोडली तीही सवयीनं. पण वाफ सोडल्यावर आणि कापड टेकायच्या आधी एक क्षण असतो. आम्ही पॉलिशवाले त्या क्षणी थांबतो, काचेवरची वाफ सगळीकडे सारखी उडतेय का ते बघायला. त्या क्षणात मला तिचं सांगणं आठवलं. शब्दन् शब्द आठवला. थांबता आलं असतं, नुसती वाफ भिंगाला फारशी बाधलीही नसती कदाचित. मी थांबले नाही.

"आठवत होतं," मी म्हटलं.

मला वाटलं ती मान हलवेल. हो म्हणेल, तसंच, नुसतं हो. पण तिचा चेहरा एकदम वाकडा झाला, लहान मुलाचा होतो तसा.

"हे म्हणत होते, ताईंनी मुद्दाम केलं," ती म्हणाली. "परवापासून तेच म्हणत होते. मी काल ह्यांच्याशी भांडले. जेवले नाही. म्हटलं, तुम्ही ताईंना ओळखत नाही. ताई काच पुसतील, बिघडवायच्या नाहीत. काच बिघडवणं त्यांच्या हाताला जमणारच नाही."

आणि ती रडली. मला जे बघायचं होतं ते समोर होतं. म्हणजे ती मोठेपणा करत नव्हती. माझ्यावर उपकार करत नव्हती, मला लाजवत नव्हती. तिचा माझ्यावर विश्वास होता, एवढंच होतं. एवढी वर्षं मी हिच्या साधेपणात काय काय शोधत बसले होते!

मी तिच्या मांडीवरचा फॉर्म घेतला. 'नुकसान कोणामुळे' ह्या रकान्यात तिनं स्वतःला लिहिलं होतं. ते खोडून मी मला लिहिलं. ह्या कागदानं तिला मशीन परत मिळणार, तो नंबरही मिळणार, पाच आठवड्यांत तिचं भिंग होणार आणि त्या रबरी गळ्यातून वळणार, हे मला लिहितानाच ठाऊक होतं. आमचं टेबल जाणार हेही. खाली 'कारण' असा रकाना होता. तिथे मी पेन टेकवलं. सवय लिहिलं असतं तर कोणी काही विचारलं नसतं, साहेबांनी तर मलाच चहा पाजला असता.

मी लिहिलं, मत्सर. सही केली आणि साहेबांच्या खोलीकडे निघाले. दुसरी वेळ असती तर तिनं मागून हाक मारली असती, ताई राहू द्या म्हणाली असती. मी जिन्यापर्यंत कान मागेच ठेवून चालले. तिनं मला थांबवलं नाही.